मनाच्या तराजूतला पासंग

मानसशास्त्राचं कुठलंही पाठ्यपुस्तक काढा, पहिल्या प्रकरणात एक साल हमखास सापडतं: 1879. त्या वर्षी जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा सुरू केली आणि मानसशास्त्राने तत्त्वज्ञानाशी काडीमोड घेतला, असं पुढे लिहिलेलं असतं. परीक्षेत दोन मार्कांना हा प्रश्न येतो, आपण उत्तर लिहितो आणि पुढे जातो.

गंमत अशी की खुद्द वुंट यांनाच हा काडीमोड मान्य नव्हता. ते लाइपझिगला आले तेच तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून. प्रयोगशाळेतलं संशोधन छापण्यासाठी त्यांनी जे नियतकालिक काढलं, त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'तत्त्वज्ञानविषयक अभ्यास' असं होतं. पुढे 1913मध्ये, वयाची ऐंशी वर्षं उलटल्यावर, त्यांनी एक पुस्तिका लिहून बजावलं की हे दोन विषय तोडले तर मानसशास्त्रज्ञ नुसते कारागीर होऊन बसतील. कुणी फारसं ऐकलं नाही. विषय वेगळे झाले, विभाग वेगळे झाले, पदव्या वेगळ्या झाल्या. तत्त्वज्ञानाचे प्रश्न मात्र कुठेही गेले नाहीत. त्यांची उत्तरं न बोलता गृहीत धरायची सवय तेवढी लागली.

गृहीत म्हणजे नेमकं काय? प्रयोगात जे तपासायचं असतं, ते सगळ्यांना दिसतं. पण प्रयोग मांडायच्या आधीच काही गोष्टी ठरून गेलेल्या असतात. मन मोजता येतं की नाही, वागण्याचं कारण माणसाच्या आत शोधायचं की बाहेर, माणूस आणि जनावर यांच्यात मुळात फरक आहे का, धडधाकट मनाचा माणूस कोणाला म्हणायचं. ही उत्तरं प्रयोगातून निघत नाहीत, उलट प्रयोगच त्यांच्यावर उभा असतो. जुन्या किराणा दुकानात तराजूच्या एका पारड्याला पासंग बांधलेला असायचा. गिऱ्हाईक वजनं बघायचं, माल बघायचं, पासंगाकडे क्वचितच कुणाचं लक्ष जायचं. पासंग म्हणजे लबाडी नव्हे, त्याच्याशिवाय काटा समतोल राहत नाही. पण तो किती आणि कुठल्या पारड्याला, हे गिऱ्हाईक यायच्या आधीच ठरलेलं असतं.

मोजता येतं, हे कुणी ठरवलं?

1786मध्ये जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांनी लिहून ठेवलं होतं की मनाचा अभ्यास खऱ्या अर्थाने विज्ञान कधीच होऊ शकणार नाही, कारण मनातल्या घडामोडींना गणित लावता येत नाही. हा निकाल ज्यांनी खोटा पाडायला घेतला ते गुस्ताव फेखनर लाइपझिगचेच. मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. रंगीत काचांतून सूर्याकडे बघण्याचे प्रयोग करून त्यांनी डोळे बिघडवून घेतले, नोकरी सोडली आणि कित्येक महिने अंधाऱ्या खोलीत काढले. त्यातून बाहेर आल्यावर त्यांनी 1848मध्ये वनस्पतींना आत्मा असतो असं मांडणारं पुस्तक लिहिलं. साऱ्या विश्वालाच मन आहे, मन आणि जड पदार्थ या एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत, अशी त्यांची ठाम श्रद्धा होती.

22 ऑक्टोबर 1850च्या सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या त्यांना ही श्रद्धा आकड्यांत सिद्ध करायची युक्ती सुचली. आजही काही मानसशास्त्रज्ञ हा दिवस फेखनर दिन म्हणून पाळतात. युक्ती अशी. हातात 100 ग्रॅमचं वजन धरा. त्यात एकेक ग्रॅम वाढवत गेलं तर समजा 3 ग्रॅम वाढल्यावर फरक जेमतेम जाणवतो. 200 ग्रॅम धरले तर मात्र 3 ग्रॅमने काही कळत नाही, 6 लागतात. फरक जाणवायला मूळ वजनाच्या ठरावीक प्रमाणात वाढ लागते, हे एर्न्स्ट वेबर यांनी आधीच दाखवून दिलं होतं. फेखनर यांनी एक पाऊल पुढे टाकलं. प्रत्येक 'जेमतेम जाणवणारा फरक' ही संवेदनेची एक पायरी धरायची, पायऱ्या मोजायच्या, म्हणजे संवेदना मोजली गेली. 1860मध्ये यावर त्यांचा मोठा ग्रंथ आला आणि मनाला गणित लागलं.

आता या हिशेबात बारकाईने बघा. फरक जाणवतो की नाही, हे प्रयोगात दिसतं. पण पहिली पायरी आणि विसावी पायरी एकाच उंचीच्या आहेत, हे कुठल्या प्रयोगात दिसलं? कुठल्याच नाही. ते धरून चाललं गेलं. वनस्पतींना आत्मा मानणाऱ्या माणसाच्या विश्वदृष्टीतून आलेलं हे गृहीत. पुढच्या पिढ्यांनी त्यातला आत्मा सोडला आणि सूत्र तेवढं ठेवलं.

हा वाद मिटला असं समजू नका. 1932मध्ये ब्रिटनमधल्या विज्ञानसंस्थेने भौतिकशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांची एक समिती नेमली. प्रश्न एकच होता, संवेदना मोजता येते का? 1940मध्ये समितीने शेवटचा अहवाल दिला तेव्हाही एकमत नव्हतं. मग 1946मध्ये हार्वर्डच्या एस. एस. स्टीव्हन्स यांनी कोंडी वेगळ्याच तऱ्हेने फोडली. वस्तूंना किंवा घटनांना एखाद्या नियमानुसार आकडे देणं म्हणजेच मोजमाप, अशी व्याख्या त्यांनी केली. उंबरठाच खाली केला की सगळेच आत येतात.

त्या व्याख्येची फळं आपण रोज चाखतो. 'कामावर तुम्ही किती समाधानी आहात, 1 ते 5 मध्ये सांगा' असा फॉर्म ऑफिसात दरवर्षी येतो. कुणी 4 वर टिक करतं, कुणी 3 वर, आणि वर्षाअखेरीस स्लाइडवर दिसतं: समाधान 3.7, मागच्या वर्षी 3.5. आता 2 आणि 3 मधलं अंतर 4 आणि 5 मधल्या अंतराएवढंच आहे का? माझा 4 आणि शेजारच्या टेबलावरचा 4 सारखे आहेत का? समाधान ही मुळात कमी-जास्त होणारी एकच वस्तू आहे का? सरासरी काढली, म्हणजे तिन्ही प्रश्नांना 'हो' म्हणून झालं.

डोळे मिटायचे की उघडायचे

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे एडवर्ड टिचनर आणि जर्मनीतल्या व्यूर्त्सबुर्गचे ऑस्वाल्ड क्यूल्पे व त्यांचे विद्यार्थी यांच्यात जुंपली. दोन्हीकडची पद्धत एकच. प्रशिक्षित निरीक्षकाला एखादं काम द्यायचं आणि मनात काय काय घडलं ते त्याने आत डोकावून सांगायचं. व्यूर्त्सबुर्गच्या निरीक्षकांना असे विचार आढळले की ज्यांच्यासोबत कुठलंही चित्र, आवाज, संवेदना नव्हती. टिचनर म्हणाले, अशक्य, तुमचे निरीक्षक नीट शिकलेले नाहीत, आमच्यांना प्रत्येक वेळी अंधुक का होईना प्रतिमा सापडते. रसायनशास्त्रात पदार्थ जसे मूलद्रव्यांत फोडता येतात तसं मनही संवेदनांच्या मूलद्रव्यांत फोडता येतं, हे टिचनर आधीच धरून बसले होते. मग प्रतिमेवाचून विचार सापडला, तर चूक बघणाऱ्याचीच असणार! हा वाद सोडवायला तिसरा पंच आणायचा तर तो कुणाच्या मनात डोकावणार होता?

1913मध्ये, म्हणजे वुंट यांनी इशारा दिला त्याच वर्षी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी न्यूयॉर्कमधल्या व्याख्यानात ही गाठ कापूनच टाकली. मन, जाणीव, प्रतिमा हे शब्दच नकोत. मानसशास्त्र हे वर्तनाचं विज्ञान आहे आणि वर्तनाचं भाकीत करणं व त्यावर नियंत्रण मिळवणं हे त्याचं उद्दिष्ट. माणूस आणि जनावर यांच्यामध्ये कसलीही सीमारेषा मानायची गरज नाही. तत्त्वज्ञानाची सगळी जळमटं झाडली, असा त्यांचा आव होता.

पण यातलं एक तरी विधान प्रयोगाने सिद्ध झालेलं होतं का? एकाहून जास्त जणांना बाहेरून दिसतं तेवढंच ज्ञान, हे तत्त्वज्ञान आहे. विज्ञानाचा हेतू नियंत्रण हा, हे तर जास्तच. भूगर्भशास्त्रज्ञाला ज्वालामुखी आवरता येत नाही म्हणून त्याचं शास्त्र कुणी कमअस्सल मानत नाही. नियंत्रण हवं असतं कारखानदाराला, शाळेच्या मुख्याध्यापकाला, जाहिरातदाराला. वॉटसन 1920मध्ये विद्यापीठातून बाहेर पडले आणि पुढची कारकीर्द त्यांनी न्यूयॉर्कच्या मोठ्या जाहिरात कंपन्यांत केली. मला यात फारसा योगायोग दिसत नाही.

डझनभर धडधाकट बाळं माझ्या हवाली करा, त्यातल्या हव्या त्या मुलाला मी डॉक्टर, वकील किंवा चोरही करून दाखवतो, हे वॉटसन यांचं वाक्य शिक्षणशास्त्राच्या वर्गात हटकून ऐकायला मिळतं. त्याच्या लगेच पुढचं वाक्य मात्र कुणी सांगत नाही. तिथे त्यांनी कबूल केलंय की मी माझ्या पुराव्याच्या पलीकडे जातोय, पण उलट बाजूचे लोकही हजारो वर्षं तेच करत आले आहेत. हा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा. त्यांच्या सुमारे अडीचशे वर्षं आधी इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी मन म्हणजे कोरा कागद म्हटलं होतं, त्याच कागदावर वॉटसन लिहीत होते आणि ते त्यांना ठाऊक होतं.

नंतर, 1950च्या दशकापासून, मन परत आलं, पण कॉम्प्युटरच्या वेषात. माहिती आत येते, साठते, प्रक्रिया होते, बाहेर पडते. यातलं गृहीत असं की विचार हा प्रोग्रॅमसारखा आहे, तो मेंदूवर चालतो की सिलिकॉनवर याने फरक पडत नाही. भूक लागलेल्या, घाम आलेल्या, म्हाताऱ्या होत जाणाऱ्या शरीराला त्यात फारशी जागा उरली नाही. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

एकच कसोटी, दोन वेगळी मुलं

गृहीत बदललं की काय होतं ते बघायचं असेल तर बुद्धिमापनाइतकं स्वच्छ उदाहरण सापडणार नाही. कारण इथे कसोटी जवळजवळ तीच राहिली.

फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झाल्यावर वर्गात मागे पडणारी मुलं ओळखायची कशी, हा प्रश्न सरकारपुढे आला. 1904मध्ये त्यासाठी आयोग नेमला गेला आणि 1905मध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांनी 30 छोट्या कामांची एक कसोटी तयार केली. हेतू मर्यादित होता, कोणत्या मुलाला वेगळ्या शिकवणीची गरज आहे ते कळावं. बुद्धीचे गुण एकावर एक ठेवून लांबीसारखे मोजता येत नाहीत, असं बिने यांनी त्याच वेळी लिहिलं होतं. 1909मध्ये तर ते चिडून म्हणाले की माणसाची बुद्धी ही ठरलेली, न वाढणारी रास आहे असं मानणं हा क्रूर निराशावाद आहे. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाचे व्यायाम तयार केले. लक्ष, स्मरण, विचार यांना सरावाने ताकद येते, असा त्यांचा विश्वास होता. 1911मध्ये ते वारले.

तोवर हेन्री गोडार्ड यांनी ती कसोटी अमेरिकेत नेली होती. 1916मध्ये स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी तिची सुधारित आवृत्ती काढली आणि बुद्ध्यंक हा एक आकडा घराघरांत पोहोचला. दोघंही बुद्धी आनुवंशिक आणि पक्की असते असं मानणारे. बिने यांच्या हातात जो आकडा 'या मुलाला मदत लागेल' असं सांगत होता, तोच टर्मन यांच्या हातात 'हे मूल असंच राहणार' असं सांगू लागला. मेक्सिकन, मूळनिवासी आणि कृष्णवर्णीय घरांतल्या मुलांची मंदता वंशातूनच आलेली दिसते, असं टर्मन यांनी लिहिलं आणि या लोकांची प्रजा वाढू नये अशी इच्छाही व्यक्त केली. 1927मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्याचा सक्तीच्या नसबंदीचा कायदा उचलून धरला. त्या खटल्यातली तरुणी आणि तिची आई 'मंदबुद्धी' आहेत याला पुरावा म्हणून पुढे आलेल्या गोष्टींत टर्मन यांच्या कसोटीवरचं मानसिक वयही होतं.

कसोटीतलं एक काम जवळून बघू. लहान मुलासमोर बायकांच्या चेहऱ्यांच्या चित्रांच्या जोड्या ठेवायच्या आणि विचारायचं, या दोघींमध्ये सुंदर कोण? बिने यांच्याच कसोटीतला हा प्रश्न टर्मन यांनी पाच वर्षांच्या मुलांसाठी ठेवला. जोडीतला एक चेहरा नीटस, दुसरा नाकाडोळ्यांनी वेडावाकडा. बरोबर उत्तर छापून ठेवलेलं. कुठला चेहरा सुंदर, हे मोठ्या माणसांनी, तेही युरोप-अमेरिकेतल्या, ठरवलेलं. ते ठाऊक असणं म्हणजे वयाला शोभेशी बुद्धी असणं. त्या मुलाने घरी काय पाहिलंय, कुणाच्या चेहऱ्यावर माया केलीय, याला मार्क नाहीत. आज हे वाचून हसू येतं, पण त्या काळात परीक्षा घेणाऱ्या शेकडो शहाण्यासुरत्या माणसांना त्यात वावगं वाटलं नव्हतं. गृहीत ते हेच.

ही कसोटी आपल्याकडेही आली. 1930च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्डच्या आवृत्तीचं मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी रूपांतर केलं. 'बिने-कामत कसोटी' या नावाने ती अजूनही भारतात अनेक ठिकाणी मुलांसाठी वापरली जाते. कामत यांनी नुसतं भाषांतर केलं नाही, प्रश्न इथल्या मुलांवर तपासून त्यांचा क्रम नव्याने लावला, आणि त्या काळात हे मोठंच काम होतं. पण बुद्धी ही एक गोष्ट आहे, ती एकट्या मुलाच्या डोक्यात असते, अनोळखी माणसासमोर बसून ती अर्ध्या-पाऊण तासात बाहेर काढता येते, हे सारं कसोटीबरोबर सहीसलामत इकडे आलं. रूपांतर प्रश्नांचं झालं, या गृहीतांचं करायचं कुणाच्या मनात येणार?

मोटरसायकलवरचा वकील

परक्या गृहीताला इथून पहिल्यांदा कुणी हात लावला असेल तर तो कोलकात्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी. 1922मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. आपल्या भारतीय रुग्णांमध्ये वडिलांकडून लिंगच्छेद होईल ही, फ्रॉइड यांच्या सिद्धान्तात मध्यवर्ती असलेली, भीती युरोपीय रुग्णांइतकी ठळक दिसत नाही, उलट आपण स्त्री असावं ही इच्छा लवकर वर येते, असं त्यांनी फ्रॉइडना कळवलं. फ्रॉइड यांनी उत्तरं सौजन्याने दिली, सिद्धान्त मात्र जागचा हलवला नाही. व्हिएन्नातला बाप सगळ्या जगाचा बाप, हे त्यांच्या लेखी पुराव्यावर अवलंबून नव्हतंच.

पुराव्यानिशी धक्का बसला तो 1984मध्ये, आणि तो म्हैसूरमधून. त्याआधी सामाजिक मानसशास्त्रात एक निष्कर्ष फार लाडका झाला होता. दुसरा माणूस चुकला की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो, परिस्थिती बघत नाही. 1977मध्ये ली रॉस यांनी याला मानवी विचारातली मूलभूत चूक असं नाव दिलं. माणूस म्हटला की हे आलंच, असा एकूण सूर.

जोन मिलर या संशोधिकेने शिकागो आणि म्हैसूर इथल्या प्रौढांना आणि 8, 11 व 15 वर्षांच्या मुलांना रोजच्या आयुष्यातल्या घटनांची कारणं विचारली. एक प्रसंग एका भारतीय व्यक्तीनेच सांगितलेला होता. मोटरसायकलचं मागचं चाक फुटलं. मागे बसलेला माणूस पडला, डोक्याला मार लागला. चालवणारा पेशाने वकील. त्याने जखमीला जवळच्या दवाखान्यात पोहोचवलं, दुखापत किती गंभीर आहे हे डॉक्टरांना न विचारताच तो कोर्टात कामाला निघून गेला. जखमी माणूस पुढे दगावला. वकील असं का वागला?

अमेरिकन प्रौढांची उत्तरं बहुतेक वकिलाच्या आत शिरली. बेजबाबदार माणूस, स्वतःच्या कामापुढे दुसरं न दिसणारा. म्हैसूरची माणसं वकिलाच्या भोवती बघत होती. कोर्टात अशील वाट बघत असणार, तिथे हजर राहणं त्याचं कर्तव्य होतं. जखम वरून तेवढी गंभीर दिसली नसेल. तो गोंधळून गेला असेल. सगळ्यात बोलकी गोष्ट मुलांची. 8 वर्षांची मुलं दोन्ही शहरांत जवळपास सारखंच बोलत होती. वय वाढत गेलं तसा फरक वाढत गेला. शिकागोची मुलं मोठी होताना स्वभावावर बोट ठेवायला शिकत होती, म्हैसूरची मुलं नातं, भूमिका, प्रसंग बघायला.

म्हणजे जी 'मानवी मनाची' खोड म्हणून पुस्तकांत शिरली होती, ती बऱ्याच अंशी एका समाजाने मुलांना लावलेली सवय निघाली. त्यामागची समजूत अशी की माणूस म्हणजे कातडीच्या आत बंद असलेला एकटा जीव, त्याच्या वागण्याचा उगम त्याच्याच आत. ही समजूत संशोधकांचीही होती आणि ज्या विद्यार्थ्यांवर प्रयोग व्हायचे त्यांचीही. दोघं एकाच गावचे असल्यावर कोण कुणाला टोकणार?

(यावरून 'बघा, आपली संस्कृतीच श्रेष्ठ' अशी उडी मारायचा मोह आवरावा. भोवतालाकडे बोट दाखवून माणसाला सोडून देण्याची सवय आपल्यालाही महागात पडलेली आहे. आणि म्हैसूरच्या उत्तरांत माणूस भूमिकेला बांधलेला आहे हे गृहीत आहेच, तेही काही आकाशातून पडलेलं नाही.)

दुःखाचा पत्ता

गृहीत उघड सांगणारे सिद्धान्तही असतात आणि मला ते जास्त आवडतात. 1955च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी जी उपचारपद्धती मांडली, तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि महाराष्ट्रात रुजवली. तिचं सार असं की प्रसंगामुळे आपण कोसळत नाही, त्या प्रसंगाबद्दलच्या आपल्या हट्टी समजुतीमुळे कोसळतो. बढती गेली याचं वाईट वाटणं वेगळं, आणि 'मला बढती मिळालीच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी' या विश्वासाने खचणं वेगळं. हे आपण एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाकडून घेतलं, असं एलिस उघडपणे सांगत. एपिक्टेटस गुलामीत वाढलेला. बाहेरचं काही आपल्या हातात नाही, हातात आहे तो फक्त आपला दृष्टिकोन, ही त्याची शिकवण.

पद्धत उपयोगी आहे, असंख्य लोकांना तिने उभं केलंय. पण गुलामाचं तत्त्वज्ञान कुठे बसतं आणि कुठे नाही, हे विचारायला हरकत नाही. परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या मुलीला ते चपखल बसतं. आता विदर्भातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याचा विचार करा. त्याच्यासाठी समुपदेशन असावं का? असावंच, आज रात्री त्याचा जीव वाचणं सगळ्यात महत्त्वाचं. पण 'शेतकऱ्यांचं मानसिक आरोग्य' असा मथळा दिला, की दुःखाचा पत्ता त्याच्या डोक्यातला लिहिला जातो. कापसाचा भाव, बोंडअळी, सावकाराचं व्याज हे 'ताणाचे घटक' म्हणून फॉर्मच्या एका रकान्यात जातात. पत्ता चुकीचा आहे असं नाही, अर्धा आहे. आणि तो समुपदेशकाने लिहिलेला नाही, सिद्धान्तासोबत छापूनच आला होता.

'धडधाकट' कोण, हाही असाच छापून आलेला रकाना. समलैंगिकता हा आजार नाही, असं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ठरवलं ते 1973मध्ये, आणि त्याविरुद्ध ओरड झाल्यावर 1974मध्ये सदस्यांचं मतदान घेऊन तो निर्णय कायम ठेवला. यावर 'विज्ञानात मतदान कसं?' असं हिणवलं जातं. मतदानाचं हसू येणाऱ्यांनी हेही विचारावं की मुळात समलैंगिकता आजारांच्या यादीत आली तेव्हा कुठला प्रयोग झाला होता.

मग मानसशास्त्र म्हणजे नुसती मतं का? नाही. फेखनर यांच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत की नाहीत यावर वाद घालता येतो, पण 200 ग्रॅमला 3 ग्रॅमने फरक कळत नाही हे कुणीही करून बघू शकतं. मिलर यांनी म्हैसूरला जाऊन जे केलं तेही मानसशास्त्रच, गृहीतालाच प्रश्न करून त्याला प्रयोगात ओढणारं.

सध्या या शास्त्रात वेगळीच साफसफाई चालू आहे. नावाजलेल्या नियतकालिकांतले 100 अभ्यास संशोधकांच्या एका मोठ्या गटाने पुन्हा करून पाहिले आणि 2015मध्ये निकाल छापले. मूळच्या 97 अभ्यासांत परिणाम ठोस दिसला होता, फेरतपासणीत तो जेमतेम 36 टक्के अभ्यासांत टिकला. तेव्हापासून नमुना (म्हणजे अभ्यासात घेतलेल्या लोकांची संख्या) मोठा घ्या, काय तपासणार ते आधीच जाहीर करा, आकडे सगळ्यांना खुले करा, असे नियम येत आहेत. ते हवेच होते. मात्र या झाडूने वरचं निघतं, खालचं नाही. दोन चेहऱ्यांतला सुंदर कोणता हा प्रश्न उद्या दहा हजार मुलांना विचारला, पद्धत आधी जाहीर केली, आकडे खुले ठेवले, तरी निकाल बहुधा पूर्वीसारखाच येईल. चित्रं कुणी काढली आणि उत्तर कुणी छापलं, हे विचारायला दुसरंच कुणीतरी लागतं.